न डुलणारी होडी

मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं. तरी वाचनालयाच्या बाईंनी कागद धाडले, पेन धाडलं, वर निरोप धाडला की लहानमोठ्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहा. लहान काय आणि मोठे काय, बुडायला पाणी एकच लागतं. लिहितो. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे कोणी बघायचं नाही.

फार जुनी गोष्ट. राजा कोण होता ते विचारू नका, त्या गावाला राजाने कधी तोंड दाखवलं नव्हतं. गाव खाडीच्या काठी. गावामागे एक तळं. गावापुढे खाडी, खाडीत गवताने भरलेलं एक बेट, आणि बेटापलीकडे खाडीचं मुख, जिथे समुद्र लागतो. थंडी पडली की त्या बेटावर लांबून बदकं येऊन उतरत, इतकी की पाणी दिसेनासं होई. गावातली माणसं एरवी मासे मारीत आणि थंडीत बदकं मारीत. दोन्हीला होडी लागते. लहान होडी, आंब्याच्या खोडातून कोरलेली.

गावात एक रीत होती. नवी होडी झाली की आधी तळ्यात उतरवायची. मधल्या फळीवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवायची. मालकाने होडीत पाय टाकायचा, उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उभं राहायचं. कळशीतलं पाणी सांडलं नाही तर होडी खरी. मग नाईक, म्हणजे गावचा मुख्य, नारळ फोडायचा. पाणी सांडलं तर होडी खोटी. खोट्या होडीची गुरांना पाणी पाजायची डोण व्हायची, कायमची.

रीत वाईट नव्हती. एवढंच की तळ्यात लाट नसते.

सुतार तरी काय करणार? ज्याची होडी कळशी सांभाळील त्याला काम. म्हणून वर्षागणिक होड्यांची बुडं सपाट होत गेली, रुंद होत गेली. शेवटी तर जेवायच्या पाटासारखी झाली. आणि दर थंडीत खाडीच्या मुखाजवळ एखादा माणूस जायचा. होडी उलटी तरंगताना सापडायची. गाव म्हणायचं, होडी तर परीक्षेला उतरलेली, मग दोष माणसाचा. घाबरला असेल. नाहीतर खाडीआईचा नवस फेडला नसेल. लोक रडायचे, तेरावं घालायचे, आणि तीच होडी धुऊन त्याच्या भावाला द्यायचे.

त्या गावात एक म्हातारा सुतार होता. तोंडाचा कडू. त्याला एकच लेक. लहानपणापासून बापाच्या अर्धवट कोरलेल्या होडीत बसून "बा, ही डावीकडे जड आहे," असं सांगणारी. तिचं लग्न गावातल्याच एका शिकाऱ्याशी झालं. शिकारी नेमबाज होता, उडतं बदक पाडायचा. पण दिसायला देखणा, आणि ते त्याला ठाऊक होतं.

जावयाला होडी द्यायची म्हणून सुताराने जीव लावून एक होडी कोरली. अरुंद. बूड गोल. कुशी, म्हणजे दोन्ही बाजू, वरच्या अंगाला थोड्या फुगवलेल्या. दोन्ही टोकं निमुळती.

तळ्यावर गाव जमलं. कळशी ठेवली. जावई ऐटीत पाय टाकून उभा राहिला आणि होडी डुलली. कळशीतलं पाणी सांडलं, थोडंथोडकं नव्हे, जावयाच्या नव्या धोतरावर.

गाव हसलं.

"सुतारा," नाईक म्हणाला, "ही होडी आहे की पाळणा?"

"दोरी बांधा! जोजवा!" मागून कोणी ओरडलं.

सुतार म्हणाला, "नाईक, ही डुलते, पण उलटत नाही. कलली की कुशीवर टेकते आणि परत येते. सपाट बूड लाटेवर थापा मारतं, त्या आवाजाने बदकं लांबूनच उडतात. हिचा आवाज होत नाही. आणि एका वल्ह्यात ती जेवढी सरकते तेवढ्याला तुमच्या पाटाला तीन वल्ही लागतात."

"पाणी सांडलं का नाही?"

"सांडलं."

"मग झालं."

जावयाचं तोंड लाल झालं होतं. "मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "मुलगी दिलीत ती चांगली दिलीत. होडी देताना हात का आखडला?"

"जावईबापू, उभं राहून मिरवायला ती केलेलीच नाही. खाली बसा. बूड तळाला टेकवा. मग बघा."

"मी काय डोणीत बसणारा रेडकू आहे?"

आणि रागारागाने त्याने ती होडी ओढत घरी नेली आणि म्हशीपुढे टाकली. म्हशीला काय, ती प्यायली. दुसऱ्या सुताराकडून त्याने नवी होडी करून घेतली. ती तळ्यावर अशी बसली की कळशीत माशी पडली असती तरी पाणी हललं नसतं. नाईकाने स्वतःच्या हाताने नारळ फोडला.

"हिला म्हणतात होडी," नाईक म्हणाला. "उद्या मी स्वतः येतो तुझ्याबरोबर बेटावर. होडी रुंद आहे, दोघं मावू."

बायकोने रात्री एकदाच म्हटलं, "अहो, तेवढं दुपारच्या आत या."

"तुझ्या बापाने शिकवलं का हे?"

तिने दिवा मालवला.

सकाळी दोघं निघाले. भरतीचं पाणी, वारा नाही, खाडी ताटासारखी. नाईक होडीत उभा राहून काठावरच्या लोकांना हात करत होता. होडी जरा म्हणून हलली नाही.

बेटाजवळ मात्र वेगळंच झालं. गवताच्या कडेला बारीक लाट होती, तिच्यावर सपाट बूड थाप मारायचं. थप्. थप्. थप्. तिरकमठा उचलायच्या आत बदकं उडून पलीकडे बसायची. ते पलीकडे गेले. थप्, थप्. बदकं आणखी पलीकडे. असं करत करत ते बेटाच्या मागच्या अंगाला, मुखाच्या बाजूला गेले. शहाण्या माणसाने तेव्हाच परत फिरावं. पण काल नारळ फोडलेला. रिकाम्या हाताने कसं परतणार?

"आणखी थोडं," नाईक म्हणाला.

"आणखी थोडं," जावई म्हणाला.

आणि ओहोटी लागली.

खाडीच्या मुखाचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. ओहोटीचं पाणी बाहेर जातं. दुपारचा वारा आत येतो. दोघं समोरासमोर भिडले की लाट लांब राहत नाही, उभी राहते. एकामागे एक, भिंतीसारख्या. सकाळचं ताट दुपारी असं होतं.

काठावरून ते पहिल्यांदा लेकीला दिसलं. लांब, बेटाच्या टोकाशी, काळा ठिपका. ठिपका घराकडे सरकायला हवा होता, तो मुखाकडे सरकत होता.

"बा!"

सुतार धावत आला. डोळ्यांवर हात धरून त्याने पाहिलं. मग तो बाकीच्यांकडे वळला. काठावर होड्या होत्या, माणसं होती. कोणी हललं नाही. ज्याच्या घरातलं माणूस तिथे गेलं नाही असं घर गावात थोडंच होतं.

"आमच्या होड्या आतल्या खाडीच्या," एक जण खाली बघत म्हणाला.

"मग परीक्षा कसली घेता रे दरवर्षी?" सुतार ओरडला.

लेक तोवर अंगणात पोचली होती. म्हैस डोणीत तोंड घालून पीत होती. लेकीने डोण तिरपी करून पाणी ओतून टाकलं. म्हैस बघतच राहिली. बाप मागून आला, दोघांनी ती काठावर ओढली. आत शेवाळ होतं, कडब्याच्या काड्या चिकटलेल्या होत्या.

"मी जातो," बाप म्हणाला.

"तुझे गुडघे वाकत नाहीत. तुला वर ओढायला मी आणखी एक होडी कुठून आणू?"

बापाने वाद घातला नाही. तो परत घरात गेला आणि जात्याचा खालचा दगड छातीशी धरून घेऊन आला. तो त्याने होडीच्या तळाला, बरोबर मध्ये ठेवला. होडी जावयाच्या वजनाला बेतलेली होती, लेक हलकी. "तळाला वजन हवं," तो म्हणाला. "आणि ऐक पोरी. ती डुलेल. तिला गप्प करायला जाऊ नकोस. कमरेखाली तिचं राज्य, कमरेवर तुझं. समजलं?"

"समजलं."

"माणूस बाजूने वर घ्यायचा नाही. मागच्या टोकाने."

"समजलं, बा. सोड आता."

ती निघाली.

बेटापर्यंत तिला काही वाटलं नाही. होडी सुरीसारखी जात होती. एका वल्ह्याला ती एवढी पुढे पळायची की लेकीला स्वतःलाच नवल वाटलं. बेट ओलांडलं आणि पहिली उभी लाट आली.

होडी कलली. लेकीचा हात आपोआप कडेकडे गेला, पण तिने तो ओढून वल्ह्यावर ठेवला. होडी आणखी कलली, फुगलेली कूस पाण्यावर टेकली, आणि तिथेच थांबली. लाट खालून निघून गेली. होडी परत सरळ झाली. दुसरी लाट. पुन्हा तेच. प्रत्येक लाट येण्याआधी होडी बुडाखाली हलून तिला सांगत होती, आता डावीकडून, आता उजवीकडून. थोड्या वेळाने लेकीला लाटेकडे बघावंही लागेना.

मग तिला ते दोघं दिसले.

तिचा नवरा जीव खाऊन वल्हवत होता. नाईक पुढे होडीच्या दोन्ही कडा धरून बसला होता. आणि त्यांची होडी काय छान बसली होती म्हणता! लाट आली की तिचं सपाट बूड लाटेच्या उतारावर घट्ट चिकटायचं. हलणं नाही, डुलणं नाही. वल्हवणारा दमला होता, पण होडीवर त्याचा अजून भरवसा होता. नाईक तर लेकीला बघून ओरडला, "तू कशाला आलीस ती डोण घेऊन? परत जा, बुडशील!"

त्याच वेळी आडवी लाट आली.

होडीचं बूड त्या लाटेच्या उतारावर तसंच घट्ट चिकटलं. उतार वाढत गेला, होडी त्याच्याबरोबर तिरपी होत गेली, अगदी शांतपणे, काही न सांगता. आणि एका क्षणी ती उलटली. मधे काही नव्हतं. सरळ होती, आणि मग उलटी होती.

आधी नाईकाचं डोकं वर आलं. मग नवऱ्याचं. दोघांनी उलट्या होडीवर हात टाकले, पण सपाट बुडाला धरायला काय असतं? पुढच्या लाटेने दोघांना पुसून काढावं तसं काढलं. आणि होडी ओहोटीबरोबर मुखाकडे चालू लागली.

"तिला सोडा! माझ्याकडे या!" लेक ओरडली.

नाईक जवळ होता. तो आला तो थेट बाजूला, आणि दोन्ही हातांनी त्याने कड पकडली. होडी कलली. कूस टेकली. पाणी कडेशी आलं.

"नाईक, बाजूला हात नाही! मागे जा!"

"अगं मी नाईक आहे!"

"दिसतंय. मागे जा!"

तो काही कड सोडीना. बुडणाऱ्या माणसाला कान नसतात. मग तिने वल्हं उचलून त्याच्या बोटांवर घातलं. नाईकाच्या बोटांवर आजवर कोणी फूल मारलं नव्हतं. त्याने हात सोडले, दोन शिव्या दिल्या, आणि मागच्या टोकाला जाऊन लटकला.

आता नवरा. होडी एकाची. जात्याचा दगड आत, ती आत, आणि तो आला तर कड पाण्याखाली जाणार. दगड टाकला तर नवरा वर येईपर्यंत होडी हलकी होणार, आणि लाटा अशा. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते, हात पाण्यात नुसते फडफडत होते. आणखी दोन लाटा, मग तो दिसणार नव्हता.

"ऐका," ती म्हणाली. "मी दगड टाकणार. टाकला की लगेच मागून पोटावर सरकत आत यायचं. उठायचं नाही. बसायचं नाही. तळाला आडवं पडायचं."

"मला ते..."

"मान वर काढलीत तर परत ढकलीन!"

एक लाट जाऊ दिली. मग तिने गुडघ्यांत दगड धरून उचलला आणि कडेवरून पाण्यात सोडून दिला. होडी बुचासारखी वर आली आणि वेड्यासारखी डुलू लागली. इकडे, तिकडे, इकडे. लेकीने वल्हं पाण्यावर आडवं टेकवलं आणि कंबर सैल सोडली. नाईकाने मागून जावयाच्या कमरेला खांदा लावून त्याला वर लोटलं. एवढं एक काम त्याने चांगलं केलं, ते सांगायला हवं. जावई पालीसारखा सरपटत आत आला, तिच्या पायांखालून तळाला गेला आणि आडवा पडला.

होडी शांत झाली. पुरती नाही. डुलत होती, पण शहाण्यासारखी.

"डुलतेय!" नवरा खालून म्हणाला. "अगं, डुलतेय!"

"डुलू दे. ती माझ्याशी बोलतेय. तुम्ही दगड आहात, दगडासारखे पडा."

तशीच ती आली. पाण्याची ओढ बाहेर होती, पण वारा पाठीशी होता आणि होडी अरुंद होती. सपाट होडीला त्या पाण्यात बापजन्मात मागे येता आलं नसतं. तळाला नवरा, मागे लटकलेला नाईक, मधे ती. हाताला फोड आले, फुटले. बेटाच्या आत आल्यावर कुठे लाटा खाली बसल्या, आणि मग तिला रडू आलं. वल्हवता वल्हवताच रडली. थांबून रडायला सवड नव्हती.

काठावर माणसांनी नाईकाला उचलून घेतलं. त्याचे दात वाजत होते. शेकोटीशी बसवल्यावर पुष्कळ वेळाने त्याला बोलता आलं. म्हणाला, "आजपासून सगळ्या होड्या गोल बुडाच्या करायच्या. माझा हुकूम."

"नाही," सुतार म्हणाला.

"आता काय नाही?"

"आतल्या खाडीत उभं राहून जाळं ओढणाऱ्याला सपाटच हवी. गोल होडीत उभा राहिला तर जाळ्यासकट आत पडेल. ही मुखावर जाणाऱ्यासाठी. आजवर तुम्ही एकच माप धरून बसलात. आता दुसरं धरून बसू नका. जिथे जायचं तिथल्या पाण्यात होडी बघा, म्हणजे झालं."

नाईकाला राग आला. वाचवलेल्या माणसालाही राग येतो, उलट जास्त येतो. "बघू," म्हणाला. आणि रीत तशीच ठेवली. का ठेवली ठाऊक आहे? रीत मोडायची तर आधी गेलेल्या सगळ्यांचं काय? ते घाबरट नव्हते, नवस चुकवणारे नव्हते, हे कबूल करावं लागलं असतं. त्यांच्या होड्यांचे नारळ नाईकानेच फोडले होते.

पुढच्या थंडीत आणखी एक माणूस गेला. तरणा. होडी परीक्षेला उतरलेली.

त्याच्या घरी नाईक गेला तेव्हा त्या माणसाची आई हात जोडून म्हणाली, "माझं पोर घाबरट निघालं, नाईक. गावाची मान खाली गेली. पदरात घ्या."

नाईकाला तिथे उभं राहवेना. तो तिथेच तिच्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, "आई, तो घाबरला नाही. होडी खोटी होती. आणि ती खरी आहे असं मी म्हणालो होतो."

मग तो उठला आणि दुसऱ्या घरी गेला. मग तिसऱ्या. जिथे जिथे माणूस गेला होता त्या त्या घरी गेला, आणि तेच बोलला. काहींनी पाणी दिलं. काहींनी दार लावून घेतलं. एका म्हातारीने त्याला मारलं, तोही मार त्याने खाल्ला. सगळी घरं संपेपर्यंत तो आपल्या घरी गेला नाही. त्यानंतर त्या गावात होडीची परीक्षा खाडीच्या मुखाशी, दुपारच्या वाऱ्यात होऊ लागली, आणि पहिल्यांदा होडीत बसायचा तो नाईक स्वतः.

जो डगमगून, कुरकुरून वेळेवर धोका सांगतो त्याला खोटा ठरवू नका, कारण शेवटपर्यंत न हलता गप्प बसणाराच एकदम उलटवतो.

झाली गोष्ट. एवढ्या मोठ्या नाईकाला अख्ख्या गावाची दारं सापडली. वेळेवर धोका सांगितला म्हणून भर धक्क्यावर मला रडतोंड्या म्हणणाऱ्या आमच्या भिकाजी तांडेलाला मात्र माझं एक दार अजून सापडलेलं नाही.